पेनसिल्व्हेनिया जर्मन पायोनियर्स : सह्यांच्या खंडासह घ्यावा असा संच

अमेरिका स्वतंत्र होण्यापूर्वी तेथे जाऊन वसलेल्या एखाद्या जर्मन कुटुंबाचा माग काढण्यासाठी कोणते एकच पुस्तक जवळ बाळगावे, असे मला कोणी विचारले, तर मी ‘पेनसिल्व्हेनिया जर्मन पायोनियर्स’ या तीन खंडांच्या संचाचे नाव घेईन. राल्फ स्ट्रासबर्गर आणि विल्यम हिंके यांनी सिद्ध केलेला हा संच पेनसिल्व्हेनिया जर्मन सोसायटीने १९३४ मध्ये प्रकाशित केला. फिलाडेल्फियाच्या बंदरात १७२७ ते १८०८ या काळात उतरलेल्या जर्मन आणि स्विस प्रवाशांच्या याद्या त्यात जहाजवार आणि तारीखवार छापलेल्या आहेत. माझ्या सुनेचे माहेर पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर काउंटीतले (जिल्ह्यातले) आहे आणि तिच्या घराण्याची वंशावळ लिहून काढण्याच्या निमित्ताने हा संच मी बराच काळ वापरत आलो आहे. अनेक मराठी घरांचे नातेसंबंध आता अशा कुटुंबांशी जुळले आहेत, नातवंडांच्या वंशवृक्षाची एक फांदी ऱ्हाईनच्या खोऱ्यात जाऊन पोहोचते, आणि तिचा शोध घेऊ पाहणारी मंडळी नेमके काय विकत घ्यावे किंवा ग्रंथालयातून काय मागवावे असे विचारत असतात. हे परीक्षण त्यांच्यासाठी आहे. माझे मत आधीच सांगतो : संच अवश्य मिळवावा, पण दुसऱ्या खंडासह मिळवावा. सह्यांचा तो खंड नसेल, तर संचाचे निम्म्याहून अधिक मोल गेले असे समजावे.

या याद्या तयार होण्यामागे सरकारची धास्ती होती. विल्यम पेनला पेनसिल्व्हेनियाची सनद १६८१ मध्ये मिळाली आणि दोनच वर्षांनी, १६८३ मध्ये, क्रेफेल्ड येथील तेरा कुटुंबे ‘कॉन्कॉर्ड’ जहाजाने येऊन पोहोचली. फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस यांच्या पुढाकाराने वसलेले जर्मनटाउन ही त्यांची पहिली वस्ती. पुढच्या चार दशकांत जर्मन बोलणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की इंग्रज अधिकाऱ्यांना हा परका समाज राजाशी कितपत एकनिष्ठ राहील याची काळजी वाटू लागली. गव्हर्नर पॅट्रिक गॉर्डन यांच्या काळात, १४ सप्टेंबर १७२७ रोजी, प्रांतिक मंडळाने असा निर्णय घेतला, की प्रत्येक जहाजाच्या कप्तानाने प्रवाशांची यादी सादर करावी आणि प्रवाशांनी राजाशी व प्रांताच्या मालकांशी, म्हणजे पेन घराण्याशी, निष्ठा राखण्याच्या प्रतिज्ञेवर सही करावी. निर्णयानंतर चारच दिवसांनी विल्यम हिल या कप्तानाचे ‘विल्यम अँड सेरा’ हे जहाज रोटरडॅमहून फिलाडेल्फियाला आले. त्यातले १०९ पुरुष २१ सप्टेंबरला मंडळासमोर उभे राहिले, आणि कुटुंबीय धरून ही सगळी मंडळी सुमारे चारशे होती, अशी नोंद मंडळाच्या इतिवृत्तात आहे. पहिला खंड या जहाजापासून सुरू होतो.

१०९ आणि चारशे या दोन आकड्यांतच संचाचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात. सह्या फक्त सोळा वर्षांवरील पुरुषांच्या घेतल्या जात, त्यामुळे बायका, मुली आणि लहान मुले बहुतेक याद्यांत नाहीत. एखादी विधवा चार मुलांना घेऊन उतरली असेल आणि थोरला मुलगा पंधरा वर्षांचा असेल, तर त्या कुटुंबाचे नावसुद्धा लागणार नाही अशी शक्यता असते. जहाज बंदराला लागल्याचा दिवस आणि प्रतिज्ञा घेतल्याचा दिवस हेदेखील वेगवेगळे असू शकतात. अनेक वंशावळींत एकाच माणसाच्या आगमनाच्या दोन तारखा वाचायला मिळतात आणि त्यावरून दोन वेगवेगळी माणसे कल्पिली जातात. त्याचे कारण बहुधा एवढेच असते. शिवाय ही प्रतिज्ञा म्हणजे नागरिकत्व नव्हे. ब्रिटिश संसदेच्या १७४० च्या कायद्याप्रमाणे वसाहतीत सात वर्षे वास्तव्य झाल्यावर आणि प्रॉटेस्टंट चर्चमध्ये प्रभुभोजनाचा संस्कार घेतल्याचा दाखला दिल्यावर परकीयाला नागरिकत्वाचे हक्क मिळत. क्वेकर पंथीयांना त्या दाखल्यातून सूट होती. नागरिकत्वाच्या नोंदी निराळ्या आहेत आणि त्या या संचात शोधू नयेत.

संपादकांनी प्रत्येक जहाजाला क्रमांक दिला आहे आणि त्या जहाजाच्या उपलब्ध याद्यांना ए, बी, सी अशी अक्षरे लावली आहेत. ए ही कप्तानाची यादी, बी ही राजनिष्ठेच्या प्रतिज्ञेवरील सह्यांची यादी, आणि सी ही १७२९ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या शपथेवरील सह्यांची यादी. ही साधी वाटणारी व्यवस्था नीट समजून घेतल्याशिवाय पुस्तक वापरू नये, कारण तिन्ही याद्यांचे स्वरूप अगदी वेगळे आहे. कप्तान किंवा त्याचा कारकून इंग्रज असे. त्याला जर्मन येत नसे आणि प्रवाशाने तोंडाने सांगितलेले नाव त्याच्या कानाला जसे लागले तसे तो लिहून टाकत असे. त्यामुळे ए यादीतले श्नायडरचे स्नायडर आणि म्युलरचे मिलर होते, आणि काही नावे तर ओळखण्यापलीकडे जातात. पण त्याच यादीत कधी वय लिहिलेले असते, कधी आजारी असल्याची खूण असते, आणि काही जहाजांच्या बाबतीत बायका-मुलांची नावेही मिळतात. बी आणि सी या याद्यांत माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेले नाव असते. ज्याला लिहिता येत नसे त्याचे नाव कारकून लिहीत असे आणि तो माणूस मध्ये आपली निशाणी करत असे. पहिल्या खंडाच्या छापील मजकुरात अशी निशाणी कंसात दाखवली आहे. नावात कंस नसेल, तर ती सही त्याच माणसाच्या हातची आहे असे सामान्यतः धरता येते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली, तरी पूर्वजाचे आडनाव मुळात कसे लिहिले जात होते या वादाचा निकाल पुष्कळदा लागतो.

दुर्दैवाने प्रत्येक जहाजाच्या तिन्ही याद्या शिल्लक नाहीत. कप्तानांच्या याद्या तर मोठ्या संख्येने हरवल्या आहेत. जेथे तिन्ही आहेत तेथे त्या शेजारीशेजारी ठेवून वाचण्यात खरा लाभ आहे. एकाच माणसाचे नाव कप्तानाच्या कानाने एका तऱ्हेने, कारकुनाच्या सवयीने दुसऱ्या तऱ्हेने आणि त्याच्या स्वतःच्या हाताने तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेले सापडते, आणि पुढे काउंटीच्या करवसुलीच्या यादीत चौथे रूप आढळले, तरी ते परके वाटत नाही.

हिंके यांच्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण या संचाची विश्वासार्हता मुख्यतः त्यांच्या नजरेवर उभी आहे. ते ऑबर्न येथील धर्मशास्त्राच्या विद्यापीठात सेमिटिक भाषांचे प्राध्यापक होते. बाबिलोनच्या नेबुकद्नेझर पहिला याच्या काळातील सीमाशिलेवरचा कीलाकार लेख त्यांनी अभ्यासून प्रसिद्ध केला होता. पेनसिल्व्हेनियातील जर्मन रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट पंथाच्या चर्चच्या इतिहासाचेही ते मोठे अभ्यासक होते. जुने, झिजलेले, अपुरे अक्षर धीराने वाचण्याची ज्याला सवय आहे असा माणूस या कामाला मिळाला, हे वंशशोध करणाऱ्यांचे भाग्य म्हटले पाहिजे. त्यांच्याआधी इझ्रायल डॅनियल रप यांनी १८५६ मध्ये तीस हजारांहून अधिक नावांचा संग्रह प्रसिद्ध केला होता आणि त्या काळाच्या मानाने तो फार मोठा उद्योग होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राज्याच्या दप्तरमालेतही या याद्या छापल्या गेल्या. परंतु त्या दोन्ही ठिकाणी वाचनाचे दोष पुष्कळ आहेत, आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या अनेक वंशावळी अजूनही त्या जुन्या वाचनांवर विसंबलेल्या असतात. रप यांचे पुस्तक स्वस्तात मिळते म्हणून तेच पुरेसे आहे असे मानू नये.

आता दुसऱ्या खंडाविषयी. या खंडात मूळ सह्यांच्या हुबेहूब छायाप्रती आहेत, पानामागून पान, जहाजामागून जहाज, आणि यादीचे क्रमांक पहिल्या खंडाशी जुळणारे. खंड पहिल्यांदा उघडणाऱ्याला काहीच वाचता येत नाही. सह्या बहुतांशी कुर्रेंट या जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरात आहेत. आपल्याकडे मोडीचा कागद पहिल्यांदा हातात घेणाऱ्याची जी अवस्था होते, तीच येथे होते. ई आणि एन यांच्या काड्या सारख्या, एच वर-खाली लोंबलेला, एस कधी लांब तर कधी गोल. पण ज्याचे नाव आपल्याला आधीच ठाऊक आहे त्याच्यापासून सुरुवात करावी, पहिल्या खंडातील छापील वाचन शेजारी ठेवावे, आणि एकेक अक्षर जुळवत जावे. काही पानांनंतर डोळा सरावतो.

‘जेम्स गुडविल’ या जहाजाची सप्टेंबर १७२८ मधील यादी मी नेहमी नवख्यांना पाहायला सांगतो. तीत योहान कास्पर श्टोव्हर नावाच्या बापलेकांच्या सह्या आहेत, आणि धाकट्याने आपल्या नावापुढे आपण धर्मशास्त्राचा विद्यार्थी असल्याचे लॅटिन संक्षेपात लिहिले आहे. इतर प्रवाशांच्या सह्या जड हाताने, नांगर धरणाऱ्या बोटांनी ओढलेल्या दिसतात. त्यांच्यामध्ये ही शिकलेल्या माणसाची सही लगेच नजरेत भरते. हाच तरुण पुढे लुथरन पाळक झाला, लँकेस्टर काउंटी आणि आसपासच्या वस्त्यांतून अनेक दशके फिरत राहिला, आणि १७३० पासून १७७९ पर्यंत त्याने केलेल्या बाप्तिस्म्यांची व विवाहांची त्याची वैयक्तिक नोंदवही आज त्या भागातील जर्मन कुटुंबांसाठी सर्वांत मोलाच्या साधनांपैकी एक आहे. ज्या वस्त्यांत चर्चची इमारत नव्हती, नोंदवही नव्हती, नेमलेला पाळक नव्हता, तेथील मुलांची नावे या एका माणसाच्या वहीत टिकली.

सहीची छायाप्रत कशासाठी लागते, याचे उत्तर अगदी व्यवहारातले आहे. योहानेस म्युलर नावाची माणसे या याद्यांत इतकी आहेत, की नावावरून निवड करणे अशक्य आहे. समजा, आपल्या योहानेस म्युलरचे मृत्युपत्र काउंटीच्या दप्तरात आहे. त्यावरची सही आणि निरनिराळ्या जहाजांच्या यादीतील सह्या शेजारी ठेवल्या, तर आडनावाच्या शेवटच्या अक्षराला दिलेला झोका, योहानेस पूर्ण लिहिण्याची किंवा तोडून लिहिण्याची सवय, दोन शब्दांतले अंतर अशा गोष्टींवरून बरेच उमेदवार बाद होतात आणि क्वचित एकच उरतो. लिहिता न येणाऱ्यांच्या बाबतीतही हे काही प्रमाणात साधते, कारण प्रत्येकाने फुलीच मारलेली नसे. अनेकजण आपल्या नावाची आद्याक्षरे विशिष्ट वळणाने काढत आणि तीच निशाणी पुढे जमिनीच्या दस्तावर करत. तुलना करताना एक पथ्य मात्र पाळावे लागते. काउंटीच्या मृत्युपत्रांच्या बांधीव वहीत जो मजकूर असतो तो कारकुनाने उतरून घेतलेला, अनेकदा जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर केलेला असतो, आणि त्याखालची सही कारकुनाच्या हातची असते. मूळ कागद वेगळ्या फायलीत असतो. तो मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि दुसऱ्या खंडाशी तुलना करायची ती त्याच कागदाची.

नंतरच्या एका दोन खंडी पुनर्मुद्रणात नेमका हा सह्यांचा खंड गाळला गेला आणि तेच पुनर्मुद्रण सर्वत्र पसरले. त्यामुळे ग्रंथालयाच्या कपाटात पहिला आणि तिसरा असे दोनच खंड उभे दिसतात आणि वाचकाला काही कमी आहे याची कल्पनाही नसते. नावे शोधण्याच्या संकेतस्थळांवर जी सूची मिळते तीही छापील वाचनावरून तयार केलेली असते. तिने माणूस चटकन सापडतो हे खरे. पण कप्तानाची यादी कोणती, सही कोणती, निशाणी कोणाची, हा भेद तेथे बहुधा पुसला जातो. विकत घेताना किंवा ग्रंथालयांच्या आपसातील देवघेवीतून मागवताना दुसऱ्या खंडाचा स्पष्ट उल्लेख करावा.

तिसऱ्या खंडात अमेरिका स्वतंत्र झाल्यानंतरच्या, १७८५ ते १८०८ या काळातील याद्या आणि संपूर्ण संचाची नामसूची आहे. नामसूची परिश्रमपूर्वक केलेली आहे, पण ती ज्या रूपात नाव वाचले गेले त्याच रूपाने लावलेली आहे. जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातील बोलीत ब आणि प, ड आणि ट, ग आणि क यांचे उच्चार एकमेकांत मिसळतात, त्यामुळे बेंडर शोधणाऱ्याने पेंटरही पाहावा आणि केलरसाठी जी व सी ही अक्षरेही धुंडाळावीत. इंग्रजी अर्थाने बदललेली आडनावे हा आणखी एक पेच आहे : आजचा कार्पेंटर यादीत त्सिमरमन असेल, आजचा टेलर श्नायडर असेल, आजचा हंटर येगर असेल. एका बापाचे तीन मुलगे योहान गेओर्ग, योहान पेटर आणि योहान याकोब असले, तर घरात हाक मारली जाई ती गेओर्ग, पेटर आणि याकोब या नावांनीच, आणि पुढच्या कागदपत्रांत योहान गळून पडतो. ज्याचे नाव योहानेस असे पूर्ण रूपात आहे तो मात्र योहानेसच राहतो, पुढे इंग्रजीत जॉन होतो.

संच वापरण्याची माझी रीत अशी, की पूर्वजाचे नाव सापडल्यावर थांबायचे नाही, तर त्याच्या वर आणि खाली कोणाची नावे आहेत ती सगळी उतरून घ्यायची. माणसे गावाच्या, चर्चच्या, नात्याच्या टोळीने निघत. ऱ्हाईनमधून होडीने, जागोजागी जकात भरत, रोटरडॅमपर्यंत यायचे, तेथून इंग्लंडच्या काऊजसारख्या बंदरात जकातीच्या परवानगीसाठी थांबायचे आणि मग अटलांटिक ओलांडायचा, असा काही महिन्यांचा प्रवास एकत्र झालेली माणसे सही करायलाही एकापाठोपाठ उभी राहत. ‘हार्ल’ हे जहाज सप्टेंबर १७३६ मध्ये आले, त्याच्या यादीत पेटर, क्लेमेन्स आणि हाइनरिख असे श्टुडेनबेकर आडनावाचे तिघे आहेत आणि त्या जहाजाच्या कप्तानाने बायकांचीही नोंद ठेवली होती. हे कुटुंब झोलिंगेनहून आलेले. त्यांच्याच वंशजांनी पुढे इंडियाना राज्यात साउथ बेंड येथे स्टुडबेकर नावाने घोडागाड्यांचा आणि नंतर मोटारींचा कारखाना चालवला. अशी शेजारची नावे हाती असली, की अमेरिकेतील चर्चच्या नोंदवहीत मुलाच्या बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून कोण उभे राहिले, जमिनीला लागून कोणाची जमीन होती, मृत्युपत्रावर साक्ष कोणाची, हे सगळे त्याच टोळीतून जुळत जाते. पूर्वजाचे मूळ गाव सापडत नसेल, तेव्हा जहाजावरच्या शेजाऱ्याचे गाव शोधावे. माझ्या अनुभवात जर्मनीतील गावाचा पत्ता लागण्याचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

मूळ गाव हीच या संचातील सर्वांत मोठी उणीव आहे, आणि तिचा दोष संपादकांकडे जात नाही. मूळ कागदांतच ते नव्हते. जवळजवळ सर्वांना सरसकट ‘पॅलेटाइन’, म्हणजे ऱ्हाईनकाठच्या पॅलेटिनेट प्रदेशाचे, म्हटले आहे, मग ते व्युर्टेंबर्गचे असोत, क्राइखगाऊचे असोत, अल्सासचे असोत किंवा बर्नचे. १७४९ ते १७५४ या सर्वाधिक गर्दीच्या वर्षांतील काही याद्यांच्या शीर्षकात त्स्वायब्रुकेन, नासाऊ, व्युर्टेंबर्ग अशी प्रदेशांची नावे येतात, तीही संपूर्ण जहाजासाठी एकत्रच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांचे पूर्वज हान्स निकोलास आयझेनहाउअर नोव्हेंबर १७४१ मध्ये ‘यूरोपा’ जहाजाने फिलाडेल्फियाला उतरले, हे यादीवरून कळते. ते झारलँडमधील कार्ल्सब्रुन या गावचे होते, हे शोधायला जर्मनीतील दप्तरे उघडावी लागतात.

१७२७ पूर्वी आलेल्यांसाठी आणि इतर बंदरांत उतरलेल्यांसाठी हा संच उपयोगी नाही, हे आरंभीच तपासून घ्यावे म्हणजे श्रम वाया जात नाहीत. १७१० मध्ये न्यूयॉर्कला गव्हर्नर हंटर यांच्याबरोबर सुमारे तीन हजार पॅलेटाइन निघाले होते. हडसन नदीकाठी त्यांच्याकडून आरमारासाठी डांबर तयार करून घेण्याची योजना फसली आणि त्यांतली काही कुटुंबे स्कोहारीमार्गे १७२३ नंतर पेनसिल्व्हेनियातील टुल्पेहॉकन येथे आली. पुढे दुभाषी म्हणून गाजलेले कॉनरॅड वायझर याच मंडळींतले. हे लोक पेनसिल्व्हेनियात राहिले तरी फिलाडेल्फियाच्या जहाजयाद्यांत मिळणार नाहीत. त्यांच्यासाठी हंटर यांनी ठेवलेले शिधावाटपाचे हिशेब पाहावे लागतात. व्हर्जिनियातील जर्मेना, उत्तर कॅरोलायनातील न्यू बर्न आणि जॉर्जियातील एबेनेझर येथील वस्त्यांचेही तसेच. मात्र व्हर्जिनियाच्या शेनँडोआ खोऱ्यात किंवा उत्तर कॅरोलायनात १७५० च्या सुमारास दिसणारे जर्मन कुटुंब बहुधा फिलाडेल्फियाला उतरून मोठ्या गाडीवाटेने दक्षिणेकडे सरकलेले असते, म्हणून तेथील शोधालाही हा संच लागतो.

पुढचा शोध पंथावर अवलंबून असतो. लुथरनांसाठी १७४२ मध्ये आलेल्या हेन्री मेल्खिओर म्युलेनबर्ग यांच्या मंडळ्यांच्या आणि रिफॉर्म्डांसाठी १७४६ मध्ये आलेल्या मिखाएल श्लाटर यांच्या काळापासूनच्या नोंदी आहेत. मोरेव्हियन मंडळींनी बेथलेहेम येथे प्रत्येक सदस्याचे जीवनवृत्त लिहून ठेवले, त्यांच्याइतके सुदैवी वंशज कोणाचेच नाहीत. मेनोनाइट आणि आमिश मात्र बालकांचा बाप्तिस्मा करत नसल्याने त्यांच्या जन्माच्या नोंदी चर्चमध्ये नसतात, तेथे जमिनीची वॉरंटे (जमीन मोजून देण्याचे आदेश), मोजणी आणि मालकीपत्रे हाच आधार. ही कागदपत्रे आणि जहाजांच्या मूळ याद्याही हॅरिसबर्गच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. काउंटी कधी झाली हेही पाहावे : लँकेस्टर १७२९ मध्ये चेस्टरमधून निघाली आणि बर्क्स १७५२ मध्ये झाली, तेव्हा आजच्या बर्क्समधील शेतकऱ्याचे १७४० मधील कागद जुन्या काउंट्यांत असतात.

जर्मनीच्या बाजूला कार्ल्सरूह, श्टुटगार्ट आणि श्पायर येथील दप्तरांत गाव सोडण्यापूर्वी भूदासत्वातून मुक्त होण्यासाठी आणि मालमत्ता बाहेर नेण्यासाठी भरलेल्या रकमांच्या नोंदी मिळतात, आणि त्यांत पुष्कळदा ‘नव्या मुलुखाला’ जाण्याचा उल्लेख असतो. चर्चच्या वह्या १६८९ मध्ये फ्रेंच फौजांनी पॅलेटिनेट जाळला तेव्हा अनेक गावांत नष्ट झाल्या, त्यामुळे त्यामागे जाण्याची आशा प्रत्येक ठिकाणी धरता येत नाही. तारखा जुळवताना प्रॉटेस्टंट जर्मनीने नवे (ग्रेगोरियन) पंचांग १७०० मध्ये आणि ब्रिटिश वसाहतींनी १७५२ मध्ये स्वीकारले, हे ध्यानात ठेवावे. १७२७ चा सप्टेंबर फिलाडेल्फियात आणि हायडेलबर्गमध्ये अकरा दिवसांनी वेगळा होता.

शेवटी, पैसे देऊन शोध करवून घेणाऱ्यांसाठी एक सूचना. सुनेच्या माहेरच्यांनी एका व्यावसायिक सेवेकडून अहवाल मागवला होता. सुबक बांधणीच्या त्या अहवालात पूर्वजाचे गाव ठामपणे सांगितले होते, परंतु त्या गावात त्याच नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला होता, याखेरीज पुरावा नव्हता. तो मुलगा लहानपणीच वारला नव्हता ना, मोठा होऊन गावातच लग्न करून राहिला नव्हता ना, हे कोणी पाहिले नव्हते. गावच्या दफनाच्या नोंदी उघडल्यावर तो दोन वर्षांचा असतानाच गेल्याचे दिसले. अशा अहवालात जहाजाचे नाव आणि तारीख देऊन काम भागवलेले असते. आपण यादीचा क्रमांक व अक्षर मागावे, नाव सहीत आहे की निशाणीने हे विचारावे, दुसऱ्या खंडातील त्या पानाची प्रत जोडायला सांगावी, आणि गाव सांगितले असेल तर त्या गावच्या दफनाच्या व विवाहाच्या वह्या कोणत्या वर्षापर्यंत तपासल्या ते लेखी घ्यावे. एवढे दिल्याशिवाय उरलेली रक्कम चुकती करू नये.